'माजी' मंत्री की 'तत्कालीन' मंत्री?

डिचोलीहून

आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर मी रोज बातम्यांचे सार लिहिते. परवा 'माजी मंत्र्याचा गैरव्यवहार' असा मथळा घातला. एका वयस्कर वाचकाने खडू घेतला, 'माजी'भोवती गोल काढला आणि विचारले, "बाई, व्यवहार केला तेव्हा हे माजी होते काय?" मला उत्तर देता आले नाही. हा शब्द खरेच चुकला का?

फोंड्याहून

त्या वाचकाने नेमके बोट ठेवले आहे, ताई. मी कोर्टातल्या कागदांची भाषांतरे बरीच वर्षे केली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

'माजी' मूळ अरबी. फारसीतून आपल्याकडे आला. अर्थ 'होऊन गेलेला'. 'आजी-माजी' या जोडीतला 'आजी' म्हणजे आजचा. (माज, माजणे यांच्याशी त्याचे काही नाते नाही. सभांतून तशी कोटी पुष्कळदा ऐकू येते, ती सोडून द्या.) म्हणजे तो माणूस आज पदावर नाही, एवढेच 'माजी' सांगतो. 'तत्कालीन' म्हणजे त्या काळचा. कृत्य घडले तेव्हा खुर्चीत कोण होते ते हा शब्द सांगतो. सत्काराच्या पत्रिकेत 'माजी' शोभतो. चौकशीच्या बातमीत त्याने वाचकाची दिशाभूल होते, कारण सही पदावर असताना झालेली असते आणि मथळा मात्र पद सुटलेल्या माणसाचा असतो.

एक गोष्ट मला फार खुपते. तलाठ्यावर गुन्हा नोंद झाला की बातमी 'तत्कालीन तलाठी' असे लिहिते. मामलेदार, मुख्याधिकारी, अभियंता, सगळे तत्कालीन. नेत्याची पाळी आली की तो 'माजी' होतो. लहान माणसाला त्याच्या कृत्याशी बांधून ठेवायचे आणि मोठ्याला काळाच्या पलीकडे नेऊन बसवायचे, हा भेद आपणच लिहिता लिहिता करतो.

कायद्यालाही हा प्रश्न पडला होता. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात खटल्यासाठी सरकारची पूर्वमंजुरी लागे ती आरोपी पदावर असेपर्यंत. पद सुटले की ती आड येत नसे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर, कृत्य घडले तेव्हा तो पदावर होता एवढे पुरते. आज माजी असला तरी मंजुरी लागते. संरक्षण जर तत्कालीन पदाला मिळत असेल, तर जबाबदारीही तत्कालीन पदालाच चिकटली पाहिजे.

आपल्या गोव्यातल्या खाणींचेच बघा. ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द केले. त्यातली बहुतेक नूतनीकरणे झाली त्या वेळचे मुख्यमंत्री निकालाच्या दिवशी माजी झालेले होते. या विषयावर लिहिताना 'तत्कालीन मुख्यमंत्री' म्हटले तरच कुणाच्या कारकिर्दीत काय झाले ते कळते.

सावंतवाडीहून

'भूतपूर्व' चालेल का? कानाला भारदस्त वाटतो.

फोंड्याहून

अर्थ 'माजी'चाच, भाऊ. अडचण तीच राहते.

मडगावहून

माझी घरची भाषा कोकणी, शाळा मराठी, म्हणून दुसऱ्या एका शब्दाबद्दल सांगते. कोकणीत उत्तराला 'जाप' म्हणतात आणि जबाबदारीला 'जापसालदारकी'. उत्तर देणे त्या शब्दात ऐकूच येते. मराठीत 'जबाबदारी'तही 'जबाब' आहे, पण आता तो कुणाला ऐकू येत नाही. 'मुलांची जबाबदारी', 'जेवणाची जबाबदारी' असे म्हणत म्हणत तो शब्द नुसता कामाचा बोजा झाला. उरला तो 'जाब विचारणे' यात. तिथे मात्र विचारणारा समोर उभा असतो, म्हणून तो वाक्प्रचार मला जिवंत वाटतो.

'नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा' हे वाक्य म्हणूनच मला सलते. जबाब द्यायचा तर माणसाने विचारणाऱ्यासमोर थांबायला हवे. इथे तो निघून जातो, आणि आपण त्यालाच जबाबदारी म्हणतो. जबाब कुठे दिला?

आणि 'शिफारस'. लोकायुक्त हे पद आपण गोव्यात मंत्री-अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींसाठीच निर्माण केले, कायदा २०११ चा. न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा २०२० मध्ये त्या पदावरून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितले की त्यांच्या २१ अहवालांपैकी एकावरही सरकारने कारवाई केली नाही. लग्नात चांगल्या आचाऱ्याचे नाव सुचवतात तीही शिफारस, आणि न्यायमूर्तींनी चौकशीअंती लिहिली तीही शिफारसच! या दुसऱ्या गोष्टीला वजनदार मराठी शब्द हवा. 'निष्कर्ष' म्हणावे तर त्यात पुढची कृती येत नाही. कुणाला सुचतो का?

डिचोलीहून

सर्वांचे आभार. उद्या फळ्यावर असे लिहिते: 'तत्कालीन मंत्र्याच्या गैरव्यवहाराची चौकशी'.

फोंड्याहून

खटला अजून चालू असेल तर 'कथित गैरव्यवहाराची' लिहा, ताई. तत्कालीन पद ही नोंद आहे, गैरव्यवहार हा अजून आरोप आहे. दोन्ही शब्द लागतील, फळ्यावर जागा कमी पडली तरी.