कॅम्पिंगला २००० वॅटचा जनरेटर हवाच कशाला?

रानवाटा
तंबूत राहायला जायचं म्हटलं की सल्ला देणारे थेट २००० वॅटच्या इन्व्हर्टर जनरेटरवर (आतल्या सर्किटने वीज स्थिर करणारा पेट्रोलचा छोटा जनरेटर) येतात. माझं मत उलटं आहे. चार-पाच जण, दोन-तीन रात्री, एवढ्यासाठी १००० वॅट-तासांचं लिथियम बॅटरीचं पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेट असलेला बॅटरीचा डबा, पुरतं. जनरेटर घ्यायचाच असेल तर १००० वॅटचा घ्या.

हिशेब मांडतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज चालू असताना ५० वॅट घेतो, पण सावलीत ठेवला तर दिवसातला साधारण एक तृतीयांश वेळच चालतो. म्हणजे ५० वॅट गुणिले ८ तास, ४०० वॅट-तास. एलईडी दिवे १० वॅट, ५ तास: ५०. चार फोन: ६०. लॅपटॉप एकदा: ६०. छोटा पंखा २० वॅट, ८ तास: १६०. दिवसाची बेरीज ७३०. हे सगळं एकाच वेळी लावलं तरी २५० वॅटच्या वर जात नाही.

लोक वॅट बघून मशीन घेतात आणि वॅट-तास विसरतात. २००० वॅटच्या मशीनवर १००-१५० वॅटचं लोड लावून रात्रभर चालवायचं म्हणजे इंजिन निव्वळ स्वतःला फिरवत ठेवण्यासाठी पेट्रोल जाळतं. वर २१-२२ किलोचं धूड गाडीतून उतरवा.

दोरीओढ
७३० वॅट-तासांच्या यादीतून चहाची किटली शिताफीने गाळलीत! १ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला कागदावर ९३ वॅट-तास लागतात, प्रत्यक्षात ११० धरा. पाच माणसांचा दोन वेळचा चहा-कॉफी आणि थोडं गरम पाणी मिळून ४ लिटर, म्हणजे ४४० वॅट-तास. तुमचं खोकं दुपारीच मान टाकणार.

शिवाय १००० हा डब्यावरचा आकडा. एसी सॉकेटमधून, म्हणजे घरच्यासारखी वीज घेतली तर बॅटरीची वीज तशी करणारा आतला इन्व्हर्टर १०-१५ टक्के खातो, हातात ८५०-९०० पडतात. एसीचं बटण दिवसभर चालू राहिलं तर काहीही न जोडता १०-१५ वॅट जात राहतात, २४ तासांचे २४० ते ३६०. बॅटरी पुन्हा भरायला राहिलं सौर पॅनेल. २०० वॅटचं पॅनेल स्वच्छ उन्हात १३०-१४० देतं, दाट ढगात २०-४०. झाडाची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर आली तरी उत्पादन कोसळतं, आणि तंबू तर आपण मुद्दाम सावलीतच टाकतो.

आता पेट्रोल. २००० वॅट वर्गातलं चांगलं मशीन पाव लोडवर, म्हणजे ४५० वॅटला, ३.६ लिटरच्या टाकीत ८ तास जातं. लिटरला १ युनिट. पूर्ण लोडवर दीड युनिटाच्या वर निघतं. पाऊण किलोच्या पेट्रोलात जेवढी वीज, तेवढीसाठी तुम्ही ११-१३ किलोचा डबा उचलणार.

रानवाटा
किटली गाळली कारण पाणी गॅसच्या शेगडीवर तापवायचं असतं. उष्णतेसाठी वीज वापरणं हाच मुळात चुकीचा सौदा. पेट्रोलमधली बहुतेक ऊर्जा इंजिनातच उष्णता होऊन वाया जाते, उरलेल्याची वीज करायची आणि तिची पुन्हा उष्णता?

फ्रिज १२ व्होल्टच्या सॉकेटवर आणि फोन यूएसबीवर लावला तर एसीचं बटण बंद ठेवता येतं. तुमचं नुकसानीचं गणित तिथे बरंच आटोपतं.

ओहम
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. मला पटणारी जोडी अशी: ५०० ते १००० वॅट-तासांचं पॉवर स्टेशन आणि सोबत १००० वॅटचा, १३ किलोच्या आसपासचा इन्व्हर्टर जनरेटर. जनरेटर दिवसा एक-दीड तास, तोही ७० टक्के लोडवर, फक्त बॅटरी भरायला. रात्री सगळं शांत. इंजिन चांगल्या लोडवर चालल्याने लिटरमागे जास्त वीज मिळते आणि स्पार्क प्लगवर काजळी धरत नाही.

यात फसायची एक जागा आहे. बरीच नवी पॉवर स्टेशन्स वेगाने भरण्यासाठी १२००-१५०० वॅट ओढतात. १००० वॅटच्या जनरेटरचं सलग चालणारं लोड असतं ९००. प्लग लावताच ओव्हरलोडचा लाल दिवा लागून आउटपुट बंद, आणि दोष मात्र जनरेटरवर जातो. आधी पॉवर स्टेशनच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ५००-६०० वॅटवर आणा. ज्या मॉडेलमध्ये ही सोय नाही ते या जोडीसाठी घेऊ नका.

जनरेटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा काही सेकंदांच्या झटक्याचा असतो. ‘२२००’ लिहिलेलं मशीन सलग १८०० वॅट देतं. खरा आकडा मागच्या पट्टीवर, ‘रेटेड’ या शब्दापुढे.

साधंसरळ
सगळे इन्व्हर्टर-इन्व्हर्टर करताय म्हणून विरोधी बाजू मांडतो. उघड्या फ्रेमचा जुन्या धाटणीचा जनरेटर तेवढ्याच पैशांत दुप्पट वॅट देतो, दुरुस्ती सोपी, आत सर्किट बोर्ड नाही. इन्व्हर्टरचा बोर्ड गेला की अर्ध्या मशीनची किंमत. दिवे, पंप, ड्रिल, हवा भरायचा कॉम्प्रेसर यांना शुद्ध साइन वेव्हची (गुळगुळीत चढ-उताराच्या विजेची) काय पडली आहे?

ओहम
पंपाला आणि ड्रिलला नाही पडलेली, मान्य. पण कॅम्पिंगला पंप कोण नेतं? ५० हर्ट्झसाठी (विजेची सेकंदाला ५० आवर्तनं) त्या इंजिनाला एका फोनच्या चार्जिंगसाठीही मिनिटाला ३००० फेरे मारावेच लागतात (६० हर्ट्झला ३६००). इन्व्हर्टर जनरेटर लोडप्रमाणे वेग उतरवतो. आवाजातला आणि पेट्रोलमधला मुख्य फरक तिथला.

दुसरं, उघड्या फ्रेमच्या मशीनवर लोड चढलं-उतरलं की हर्ट्झ हलतात. काही पॉवर स्टेशन्सचे चार्जर अशी वीज नाकारतात किंवा मिनिटागणिक चालू-बंद होत राहतात. बॅटरीची जोडी करायची असेल तर तो पर्याय तिथेच संपला.

निजानीज
आवाजावर कोणी बोललंच नाही. माहितीपत्रकातले ४८-५० डेसिबल हे ७ मीटरवर आणि पाव लोडवर मोजलेले असतात. तेच मशीन पूर्ण लोडवर ५७-५९ पर्यंत जातं. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणून १४ मीटरवर ठेवण्याचा फायदा महागड्या मॉडेलपेक्षा मोठा. केबल मात्र १.५ चौरस मिमीची, रबरी आवरणाची घ्या. रीळ असेल तर पूर्ण उलगडून टाका. गुंडाळलेल्या रिळावर मोठं लोड चालवलं तर आतले पदर तापून चिकटतात. आवाज कमी करायला मशीनवर खोकं उपडं घालणारे महाभागही असतात. थंड हवा आत येत नाही, इंजिन तापतं, आणि एक्झॉस्टजवळ पुठ्ठा असेल तर आग.

रानवाटा
अंतराला माझ्याकडून दुजोरा, कारण वेगळं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. किमान ६ मीटर दूर, एक्झॉस्टचं तोंड तंबूंच्या विरुद्ध दिशेला. पण रात्री वारा फिरतो तेव्हा ही दिशा कुचकामी ठरते. माझा जनरेटरला विरोध मुख्यतः झोपेतल्या वापराला आहे. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही विषबाधेची लक्षणं थकव्यासारखीच वाटतात आणि झोपलेल्याला तीही कळत नाहीत.

दोरीओढ
बऱ्याच नव्या मशीनमध्ये त्यासाठी सेन्सर असतो, वायू साठला की इंजिन आपोआप बंद. एवढी भीती घालू नका.

निजानीज
तो सेन्सर मशीनजवळची हवा मोजतो, तंबूतली नाही. मशीन मोकळ्या वाऱ्यात असेल आणि धूर वाऱ्याबरोबर तंबूत शिरत असेल तर त्याला पत्ताही लागणार नाही. तंबूत बॅटरीवरचा वेगळा अलार्म हवा. पाऊस आला म्हणून मशीन तंबूच्या ओसरीत ओढणं हा सगळ्यात धोकादायक प्रकार. चारही बाजूंनी उघडं, उंच छप्पर दूरवर उभारा, नाहीतर बंद ठेवा.

हौशी मेकॅनिक
वाद चालू द्या, पण जनरेटर ‘बिघडला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याचशा बिघाडाच्या नसतातच.

सुरू होऊन १०-२० मिनिटांनी आचके देत बंद पडतो: टाकीच्या झाकणावरची हवेची चावी उघडलेली नाही. पेट्रोल खाली उतरतं, टाकीत पोकळी होते, पुरवठा थांबतो.

दोरी ओढून हात दुखले तरी स्पार्क नाही: ऑइल कमी, किंवा मशीन उतारावर. ऑइलचा सेन्सर इग्निशनच तोडतो. नवं मशीन बहुधा कोरडंच येतं. सपाटीवर ठेवून १०डब्ल्यू-३० ऑइल भरणीच्या तोंडाच्या काठापर्यंत भरा, या आकाराच्या इंजिनाला साधारण ०.४ लिटर. पहिलं ऑइल २० तासांनी बदला, मग दर १०० तासांनी. जास्त भरलं किंवा मशीन गाडीत आडवं नेलं तर ऑइल सिलिंडरमध्ये आणि एअर फिल्टरमध्ये जाऊन पांढरा धूर येतो.

मागच्या हंगामात चालत होता, आता फक्त चोकवर चालतो: कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) जुन्या पेट्रोलचा चिकटा बसला आहे. महिनाभराहून जास्त ठेवायचा असेल तर इंधनाची चावी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, मग फ्लोट बाउलचा (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीचा) स्क्रू ढिला करून उरलेले थेंबही काढा. पहिल्या कामाला पाच मिनिटं पुरतात. न केल्यास जेट सोडवून साफ करायला अर्धा दिवस.

मोठं लोड लावताच इंजिन घरघरतं: इको स्विच (लोडप्रमाणे इंजिनाचा वेग उतरवणारा) बंद करा, इंजिनला पूर्ण वेग पकडू द्या, मग लोड लावा.

साधंसरळ
आणि जमिनीत अर्थिंगची सळई ठोका, हे राहिलं.

ओहम
नुसत्या सळईने काम होत नाही. या छोट्या मशीनमध्ये न्यूट्रल बहुधा बॉडीला जोडलेला नसतो. गळतीच्या विजेला जनरेटरकडे परतायला वाटच नाही, त्यामुळे पुढे लावलेला गळती-संरक्षक स्विच सळई असूनही पडणार नाही. पहिला दोष जाणवत नाही. दुसऱ्या उपकरणात दुसऱ्या तारेवर दोष आला की झटका. मॅन्युअलमध्ये न्यूट्रल कसा आहे ते बघा, उपकरणं मोजकी ठेवा आणि सोललेली केबल फेकून द्या.

दोरीओढ
रानवाटांना एक प्रश्न राहतो. डोंगरात, थंडीत जाणाऱ्यांनी काय करायचं? पॉवर स्टेशनमधली लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज होऊ देत नाही, पॅनेल कितीही लख्ख उन्हात असो.

रानवाटा
रात्री तंबूत, खाली फोमची चटई घालून ठेवा, सकाळी बॅटरीच्या पेशी शून्याच्या वर असतात. उंचीचा फटका तर तुमच्याच मशीनला जास्त. दर ३०० मीटरला सुमारे ३.५ टक्के ताकद जाते. १५०० मीटरवर १८०० वॅटचे १५०० उरतात, आणि त्याच्या वर मिश्रणात पेट्रोल जास्त होऊन प्लग काळा पडायला लागतो.

हौशी मेकॅनिक
त्यावर उंचीसाठीचा लहान जेट मिळतो. ताकदीची घट भरून निघत नाही, पण प्लग आणि पेट्रोल वाचतं. फक्त खाली उतरल्यावर तो बदलायला विसरू नका, मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं.