कारखान्यांचा टप्पा गाळून थेट सेवाक्षेत्र: विकसनशील देशाला परवडेल का?

आडवाट

विकसनशील देशांचा विषय निघाला की एक क्रम ठरल्यासारखा सांगितला जातो: आधी शेती, मग कारखाने, सेवाक्षेत्र (बँका, वाहतूक, शिक्षण, पर्यटन, संगणक सेवा असलं सगळं) सगळ्यात शेवटी. अर्थशास्त्रज्ञ कॉलिन क्लार्क यांनी १९४० मध्ये देशोदेशीची आकडेवारी मांडून हा प्रवास दाखवला आणि तेव्हापासून लोक त्याला निसर्गनियमच समजून बसलेत. माझ्या मते तो ब्रिटन, जर्मनी, जपान यांचा इतिहास आहे. इतरांनी तो गिरवलाच पाहिजे असं कुठे आहे?

भारत घ्या. एकूण मूल्यवर्धनात, म्हणजे देशात तयार होणाऱ्या उत्पन्नात, सेवांचा वाटा निम्म्याहून जास्त, कारखानदारी मात्र कित्येक वर्षं पंधरा-सतरा टक्क्यांच्या आगेमागे घुटमळतेय. मालाच्या व्यापारात दरवर्षी जी मोठी तूट येते, तिचा बराचसा भाग सेवांच्या निर्यातीतून भरून निघतो. फिलिपिन्समध्ये कॉल सेंटर आणि बॅक ऑफिसमुळे लाखो तरुणांना पगारी नोकऱ्या मिळाल्या. केनियात २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा आली आणि ज्यांनी बँकेची पायरी कधी चढली नव्हती ते साध्या फोनवरून व्यवहार करू लागले. यातलं काहीच कारखानदारी भरभराटीला येईपर्यंत अडून राहिलं नाही. शिवाय आजच्या कारखान्यात पूर्वीइतकी माणसं लागतात कुठे?

तेव्हा सरकारांनी कारखान्यांच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावणं सोडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तुटून पडा.

भट्टीवाला

पडतोच.

उत्पन्नात निम्म्याहून जास्त वाटा, ठीक. माणसं किती सामावली ते सांगायचं राहिलं का मुद्दाम टाळलं? भारतातले साधारण ३० टक्के लोक सेवाक्षेत्रात कामाला आहेत. शेतीत अजून ४० टक्क्यांहून जास्त अडकलेत आणि त्यांच्या वाट्याला उत्पन्नाचा पाचवा हिस्सासुद्धा येत नाही. ज्या संगणक सेवांचं एवढं कौतुक चालतं, तिथे थेट नोकऱ्या ५० लाखांच्या थोड्या वर. देशात काम करणारे ५० कोटींच्या वर. म्हणजे शंभरात एक!

आता बांगलादेश बघा. तयार कपडे हा त्यांच्या निर्यातीचा ८० टक्क्यांहून मोठा भाग आहे आणि त्या कारखान्यांत ४० लाखांच्या आसपास लोक राबतात, त्यात बायकाच जास्त. शाळा अर्धवट सुटलेली मुलगी शिलाईच्या लाइनवर काही आठवड्यांत बाही जोडायला शिकते. तीच मुलगी विम्याचे दावे तपासायला बसवणार का? तिथे दारातच पदवी विचारतात.

अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९६६ मध्येच सांगून ठेवलंय: कारखान्यांचं उत्पादन वाढतं तशी माणशी उत्पादकताही वाढत जाते. सेवांचं तसं नाही. त्याच वर्षी बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी वादकांचं उदाहरण दिलं. चौघांसाठी लिहिलेली रचना दोनशे वर्षांपूर्वी वाजवायला चार माणसं लागत, आजही चारच लागतात आणि वेळही तेवढाच. पगार मात्र बाकीच्यांबरोबर वाढवावे लागतात. शिकवणं, रुग्णांची शुश्रूषा, केस कापणं, सगळ्याला हेच लागू.

खतावणी

दोघांच्याही मांडणीत कारखाना एका बाजूला आणि सेवा दुसऱ्या बाजूला उभ्या आहेत. माझी नोकरी निर्यातीच्या कागदपत्रांत गेली, मला ही भिंत कधी दिसली नाही.

भट्टीवाले म्हणतात त्या शिवलेल्या कपड्यांचंच घ्या. माल पेट्यांत भरून तयार. आता कंटेनर यायला हवा, शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट, उगमाचा दाखला, विमा, कस्टम्सची तपासणी. एकदा असं झालं: एल.सी.मध्ये (खरेदीदाराच्या बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र) माल जहाजावर चढवायची शेवटची तारीख दिलेली होती. गोदीत गर्दी, कंटेनर पुढच्या जहाजावर गेला आणि बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजावर चढल्याची पावती) मुदतीनंतरची तारीख पडली. बँकेने डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदपत्रांतली तफावत, काढून पैसे अडवले. कापड तेच, शिलाई तीच, एका टाक्याची तक्रार नाही. पण खरेदीदाराला आयतं कोलीत मिळालं. त्याने सवलत मागितली आणि मालकाला ती मुकाट्याने द्यावी लागली. लाइनवर सेकंद मोजून वाचवलेला खर्च त्या एका तारखेत वाहून गेला.

बंदर, बँक, विमा, वाहतूक या सगळ्या सेवाच. त्या ढिसाळ असतील तर कारखान्यावर तो न दिसणारा कर असतो. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाने ट्रकवरचे पेटारे जसेच्या तसे जहाजावर चढवले, तिथून कंटेनरचं युग सुरू झालं आणि माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च कोसळला. पूर्व आशियातली निर्यात एवढी फोफावली त्यात या पेटाऱ्याचा वाटा लहान नाही. आणि हा शोध वाहतुकीतला, म्हणजे सेवाक्षेत्रातला. सेवांची उत्पादकता वाढतच नाही, हे मला मान्य नाही.

शंकासुर

खतावणी यांना +१, पण त्यांनी गोदी दाखवली, गोदीबाहेरचा रस्ता नाही दाखवला.

‘सेवा’ या एकाच रकान्यात हृदयाची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे आणि सिग्नलवर रुमाल विकणारा पोरगाही. ज्याला शेतात भागत नाही आणि कारखान्यात घेत नाहीत, तो शेवटी याच रकान्यात येऊन पडतो. हप्ते फेडत गाडी चालवणं, दारावर पहारा, घरकाम. याला क्षेत्राची वाढ म्हणायचं? मी तर त्याला झाकलेली बेकारी म्हणेन.

अर्थशास्त्रज्ञ दानी रॉड्रिक यांनी याला अकाली निरुद्योगीकरण म्हटलंय. लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत कारखान्यांतल्या रोजगाराचा वाटा युरोपच्या मानाने फार कमी उत्पन्नावर असतानाच घसरू लागला. माणसं शहरात आली, पण आधीपेक्षा बरं काम मिळालं नाही.

आणि अवांतर: आकड्यांचाही खेळ असतो. कारखान्याच्या पगारपत्रकावरचा पहारेकरी ठेकेदाराकडे वर्ग केला की दार तेच, काठी तीच, पण सरकारी तक्त्यात उद्योग घटतो आणि सेवा वाढतात. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९८४ मध्ये याकडे बोट दाखवलं होतं.

आडवाट

रॉड्रिक यांचं अर्धंच सांगितलंत. कारखाने आता पूर्वीइतके हात सामावून घेणार नाहीत, म्हणून सेवांमध्ये आज जी कामं आहेत त्यांचीच उत्पादकता वाढवायला हवी, हेही तेच सांगताहेत. रघुराम राजन आणि रोहित लांबा या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये भारतासाठी साधारण याच दिशेची मांडणी केली. रुमाल विकणाऱ्या पोराला शिलाई मशीनवर बसवायचं म्हणता, पण त्या मशीनवर शिवलेला माल घेणारा गिऱ्हाईक देश कुठे आहे? कारखान्यांच्या निर्यातीवर वर आलेला व्हिएतनाम सगळेच होऊ शकत नाहीत.

भट्टीवाला

आणि सगळेच मालदीव झाले तर? पर्यटनावर उभा देश. २०२० मध्ये विमानं थांबली आणि त्यांचं सकल उत्पन्न एका वर्षात सुमारे एक तृतीयांशाने घटलं. श्रीलंकेचं पर्यटन आधी २०१९ च्या बॉम्बस्फोटांनी आणि मग साथीने झोपलं. २०२२ मध्ये त्यांनी परदेशी कर्जफेड थांबवली त्याला इतरही कारणं होती, करकपात आणि रासायनिक खतांवरच्या बंदीचा घोळ होताच, पण परकीय चलन आटायला पर्यटनही कारणीभूत होतं.

न विकलेला शर्ट गोदामात ठेवता येतो. हॉटेलची रिकामी गेलेली रात्र कुठे ठेवणार?

दुपारची पाळी

मी परदेशी कंपनीचे विमा दावे तपासण्याच्या कामात आहे, त्यामुळे आडवाट यांच्या बाजूने बोलायला आले होते. पण एक गोष्ट दिसते ती सांगते. नवीन मुलं ज्या कामावर शिकायची, म्हणजे फॉर्म वाचायचा, नाव-पत्ता-तारीख जुळवायची, शंका आली तर वर पाठवायचं, ते काम आता सॉफ्टवेअर करतं. आम्हाला फक्त अडलेली प्रकरणं येतात. ती सोडवायला अनुभव लागतो आणि अनुभव मिळायची जागाच गेली. यंत्रं फक्त कारखान्यातच माणसं कमी करतात, असं धरून चालू नका.

दुसरं, निर्यातीचं. सेवा व्यापाराचा गॅट्स करार १९९५ पासून लागू आहे. त्यात चार मार्ग आहेत: काम दुरून पाठवा, ग्राहक तुमच्याकडे येऊ दे, कंपनीने तिकडे शाखा उघडावी, नाहीतर माणसाने स्वतः तिकडे जाऊन काम करावं. गरीब देशांकडे भरपूर काय आहे, तर चौथं. आणि श्रीमंत देशांनी हात सगळ्यात आखडता घेतलाय तोही तिथेच. भांडवलाला रस्ता मोकळा, परिचारिकेला व्हिसाची रांग.

खतावणी

@भट्टीवाला, रिकाम्या रात्रीचा मुद्दा चोख. पण शिलाईच्या ऑर्डरीही त्याच २०२० मध्ये परदेशी ब्रँडांनी धडाधड रद्द केल्या होत्या. तयार माल गोदामात होता खरा, फॅशन उलटल्यावर तो घेणार कोण? एकाच गिऱ्हाइकावर विसंबणं दोन्हीकडे सारखंच महागात पडतं.

आणि कारखान्यांचं उदाहरण म्हणून ज्या दक्षिण कोरियाचं नाव नेहमी येतं, तिथे १९६० च्या सुमारास, निर्यातीची घोडदौड सुरू व्हायच्या आधीच, जवळजवळ सगळी मुलं प्राथमिक शाळेत जात होती. शिकवणं ही सेवाच की.

भट्टीवाला

कोरियात जमीनसुधारणाही (कसणाऱ्यांना जमिनीचं वाटप) झाली होती, ती विसरू नका. आणि मास्तरांचे पगार सरकार कुठून देत होतं? त्या काळात अमेरिकेची मदत होती. आज तशी मदत कुणी देणार नाही. मग कर गोळा करायला हिशेब ठेवणारे, ठरलेल्या पत्त्यावर सापडणारे उद्योग लागतात. रुमाल विकणाऱ्याकडून काय वसूल करणार?

शंकासुर

त्याच्याकडून वसूल करू नका, पण ज्या ॲपवरून माणसं पोहोचवण्या-आणण्याचं काम करतात त्या ॲपचा हिशेब तर पैशापैशाने ठेवलेला असतो ना? तिथून सुरुवात करा. आडवाट, याच्यावर तुमचं काय म्हणणं? मघापासून तुम्ही फक्त कारखान्यांच्या विरोधातच बोलताय.