पाऱ्याची बीपी मशीन काढायचीत, पण टाकायची कुठे?

वॉर्ड_इन्चार्ज: आमचं छोटं नर्सिंग होम आहे, पाऱ्याची सहा बीपी मशीन आणि डबाभर जुने थर्मामीटर पडलेत. डिजिटल घेतलीत पण मोठे डॉक्टर म्हणतात पाऱ्याइतका भरवसा कशाचाच नाही. आणि मुळात बंदी आलीये का नक्की? भंगारवाला न्यायला एका पायावर तयार आहे, देऊन टाकू का?

बायोमेडवाला: भंगारात अजिबात देऊ नका! तो काच फोडणार, पारा नाल्यात जाणार. थर्मामीटरमध्ये जेमतेम ग्रामभर असतो हो, पण एका बीपी मशीनमध्ये ८०-१०० ग्राम, हिशोब करा तुम्हीच. बंदीचं म्हणाल तर मिनामाता कराराने (पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार) अशी उपकरणं बनवणं आणि आयात-निर्यात बंद केलीये, मूळ मुदत २०२०, आपण ती २०२५ पर्यंत वाढवून घेतली. हाताशी आहे ते वापरू नका असं करारात नाही. पण केंद्राच्या हॉस्पिटलांना पारा काढा असं २०१० मध्येच सांगितलं होतं.
डॉक्टरांना सांगा, व्हॅलिडेटेड (म्हणजे चाचणीत अचूक ठरलेलं) डिजिटल घ्या नाहीतर काट्याचं डायलवालं, फक्त डायलवालं सहा महिन्यांनी कॅलिब्रेट करायला, म्हणजे बरोबर दाखवतंय का ते तपासून जुळवायला लागतं आणि ते कुणी करत नाही, खरी बोंब तिथे आहे. नाडी अनियमित असेल तर डिजिटल गंडतं, तेव्हा डायल आणि स्टेथो.

सिस्टर_कोल्हापूर: ताई, पिवळ्या पिशवीत पण टाकू नका, ती जाळतात आणि वाफ हवेत. आमच्याकडे थर्मामीटर फुटला की मावशी आधी झाडू घ्यायच्या, त्याने थेंबाचे शंभर थेंब होतात. पंखा बंद, खिडक्या उघड्या, हातातलं सोनं काढून ठेवायचं (अंगठीला पारा लागला की पांढरी पडते), मग दोन पुठ्ठ्यांनी गोळा करून सिरिंजने ओढायचा आणि थोडं पाणी घातलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत.

वॉर्ड_इन्चार्ज: बरणी भरली, पुढे काय? बायोमेडिकलची गाडी घेत नाही म्हणते.

बायोमेडवाला: नाहीच घेणार, तो घातक कचरा. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे त्याची केंद्रं आहेत, प्रदूषण मंडळाच्या विभागीय ऑफिसला लेखी विचारा, पोच घ्या. गावातली चार-पाच हॉस्पिटलं मिळून एकदम पाठवा, एकट्याला गाडीभाडं परवडत नाही. मशीन न उघडता, आडवी न करता, नळीच्या खालचा नॉब लॉक करून ठेवा तोवर.

दातवाला: आमच्या दातातल्या चांदीच्या फिलिंगचाही (त्यातही पारा असतो) नंबर लागलाय, २०३४ पर्यंत बंद करायचं याच कराराच्या जिनिव्हातल्या बैठकीत ठरलं. पेशंटनी घाबरून जुनी फिलिंग उगाच काढून घेऊ नये, काढतानाच वाफ जास्त सुटते.