नवीन विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण नावानिशी घ्यावं का?

उंबरठा

पदवीच्या शेवटी 'समाधानी आहात का?' असा फॉर्म अनेक विद्यापीठं भरून घेतात. पहिल्याच वर्षी शिक्षण सोडून गेलेला विद्यार्थी तो भरायला उरलेलाच नसतो. म्हणून माझं मत असं, की खरं सर्वेक्षण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावं, आणि तेही नावानिशी. घरात पदवीपर्यंत पोचणारे तुम्ही पहिलेच का? शिकता शिकता नोकरी किती तास? कोणत्या विषयाची धास्ती वाटते? अडलं तर कुणाला विचाराल? या शेवटच्या प्रश्नाला 'कुणालाच नाही' असं उत्तर आलं, तर त्या मुलाला किंवा मुलीला त्याच आठवड्यात कुणीतरी जाऊन भेटलं पाहिजे. निनावी फॉर्ममधून फक्त टक्केवारी हाती लागते.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचं देशव्यापी सर्वेक्षण १९६६ साली सुरू झालं. तिथलेच शिक्षणाचे अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलं, की गळती केवळ कुवतीमुळे होत नाही. संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात विद्यार्थी किती मिसळतो, यावरही ती अवलंबून असते. कुठे अडतंय हे विचारल्याशिवाय कळणार कसं?

कातळ

नावानिशी घ्यायला माझा ठाम विरोध. अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यातल्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांकडून असंच सर्वेक्षण भरून घेतलं होतं. ज्यांची टिकण्याची शक्यता कमी ती मुलं त्यातून हुडकायची आणि पटसंख्या कळवायच्या तारखेआधी वीस-पंचवीस जणांना बाहेरची वाट दाखवायची, म्हणजे गळतीचा आकडा चांगला दिसेल, असा अध्यक्षांचा बेत होता. जानेवारी २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने तो उघड केला आणि पुढच्याच महिन्यात अध्यक्षांना पद सोडावं लागलं. मुलांनी विश्वासाने लिहिलेलं त्यांच्याविरुद्ध वापरायला निघाले होते! हेतू चांगला असेल म्हणून यादी सुरक्षित राहते, हे मला पटत नाही.

फळा-खडू

मी शिकवतो, माझी अडचण वेगळीच आहे. जो खरोखर गाळात आहे तो फॉर्म भरतच नाही. भरणारे बहुतेक नीटनेटके, वेळेवर येणारे. मग मदत त्यांनाच मिळते. मला विचाराल तर पहिला स्वाध्याय कोणी दिला नाही, सलग कोण गैरहजर, हे बघा. ते आधीच आपल्या हातात आहे.

उंबरठा

@फळा-खडू सर, हजेरीपटावरून मुलगी येत नाही हे कळतं, का येत नाही ते कळत नाही. रात्रपाळी करून झोपलेली आणि वर्गात एकटी पडलेली, दोघींपुढे गैरहजेरीची खूण सारखीच. आणि ज्याने फॉर्म भरलाच नाही, त्याला आधी भेटा. न भरणं हीसुद्धा माहितीच आहे.

सावली

दोघांनाही एक सुचवते. २०११ मध्ये वॉल्टन आणि कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्या मुलांच्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष वाचायला दिले: सुरुवातीला आपण इथले नाही असं सगळ्यांनाच वाटतं, पुढे ते सरतं. एवढ्या तासाभराच्या गोष्टीनंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले. अभ्यास छोटा होता, एकाच नामांकित महाविद्यालयातला, म्हणून सगळीकडे हेच होईल असं मी म्हणणार नाही. पण उत्तरं मुलांपर्यंत परत पोचवायला नावं लागत नाहीत. आपण मात्र मुलांकडून घेतो आणि अहवाल कपाटात ठेवतो.

कातळ

@सावली, हे मान्य. निनावी घ्या, महिन्याच्या आत निकाल वर्गात सांगा.

उंबरठा

निकाल वर्गात सांगाच. तरी नावं मी सोडणार नाही. मेरीलँडमध्ये यादी प्रशासनाकडे जाणार होती, तिथेच घात होता. नावं फक्त मार्गदर्शक शिक्षकाने बघावीत, कुलगुरूंपर्यंत बेरजाच जाव्यात, वर्ष संपताच नावं पुसावीत, आणि हे सगळं फॉर्मच्या पहिल्या ओळीत छापावं. वसतिगृहात खोली मिळाली नाही म्हणून कुणी शिक्षण सोडायच्या बेतात असेल, तर तिला निनावी निकालाने खोली मिळत नाही.

फळा-खडू

मग मार्गदर्शकामागे मुलं किती, तेही आधी ठरवा. शंभर-दीडशे असतील तर 'कुणालाच नाही' लिहिणाऱ्याकडे मी त्या आठवड्यात पोचू शकत नाही. विचारून न भेटण्यापेक्षा न विचारलेलं बरं.