‘कुली’ हा शब्द चिनी आहे का?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकात क्यूबा आणि पेरूला नेलेल्या चिनी मजुरांवरील मजकुराचा अनुवाद करताना मी ‘कुली’ हा शब्द वापरला. तो चिनी भाषेतून आला आहे, असे एका स्नेह्यांनी सांगितले. ते खरे आहे का, आणि मराठीत ‘हमाल’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : शब्द मूळचा चिनी नाही. चिनी लिपीत तो ज्या दोन अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘कडू’ किंवा ‘कष्ट’ आणि ‘बळ’ असा होतो, म्हणून हीच त्याची व्युत्पत्ती असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती अक्षरे बाहेरून आलेल्या शब्दाच्या उच्चाराला जुळतील अशी योजलेली आहेत, आणि त्यांचा अर्थही इतका चपखल बसला की लोकांनी त्यालाच मूळ मानले. शब्दाचे मूळ आपल्या बाजूचे आहे. तमिळमध्ये ‘कूलि’ म्हणजे मजुरी. दुसऱ्या मताप्रमाणे गुजरातच्या किनाऱ्यावरील कोळी जमातीचे नाव पोर्तुगिजांच्या तोंडून मजूर या अर्थाने पसरले. मला दोन्ही प्रवाह पुढे एकमेकांत मिसळले असावेत असे वाटते.

‘हमाल’ मात्र कृपया वापरू नये. मराठी वाचकाला त्या शब्दाने पाठीवर ओझे वाहणारा माणूस दिसतो (आज ‘कुली’ म्हटल्यावरही रेल्वे फलाटच आठवतो), तर क्यूबातील चिनी मजूर आठ वर्षांच्या करारावर उसाच्या मळ्यात राबत होता. १८४७ ते १८७४ या काळात सुमारे १,४१,००० चिनी माणसे क्यूबाला जाणाऱ्या जहाजांवर चढवली गेली आणि सुमारे १,२५,००० जिवंत उतरली. ‘करारबद्ध मजूर’ हा शब्द अचूक आहे, पण तो फार स्वच्छ वाटतो, कारण करारावर अंगठा उमटवणाऱ्यांपैकी पुष्कळांना फसवून किंवा पळवून आणलेले असे. १८७४ मध्ये चेन लानपिन यांच्या नेतृत्वाखालील चिनी आयोगाने क्यूबात मजुरांच्या जबान्या घेतल्या, तेव्हा दहापैकी आठ-नऊ जण स्वेच्छेने आलेले नव्हते असे आढळले.

त्यांच्या स्वतःच्या प्रदेशातला शब्द अधिक बोलका आहे. दक्षिण चीनमध्ये अशा मजुराला ‘डुकराचे पिल्लू’ म्हणत, आणि परदेशी विकले जाण्याला ‘पिल्लू म्हणून विकले जाणे’. मकाव या पोर्तुगीज बंदरात जहाज येईपर्यंत त्यांना ज्या कोठ्यांत कोंडत, त्यांनाही पिल्लांच्या कोठ्याच म्हणत. अनुवादात हा शब्दप्रयोग निदान एकदा तरी जसाच्या तसा द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पूरक प्रश्न : मग ‘गिरमिटिया’ चालेल का? आणि कॅलिफोर्नियाला गेलेल्या चिनी लोकांनाही ‘कुली’च म्हणावे का?

उत्तर : ‘गिरमिट’ हे इंग्रजी ‘ॲग्रीमेंट’चे भोजपुरी तोंडी झालेले रूप असून त्याला फिजी, मॉरिशस येथे गेलेल्या भारतीय मजुरांचा इतिहास चिकटलेला आहे, शिवाय मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडण्याचे हत्यार, त्यामुळे वाचक गोंधळेल. कॅलिफोर्नियाचे प्रकरण तर सर्वस्वी वेगळे होते. तिकडे जाणारे बहुतेक जण तिकिटाचे पैसे उसने घेऊन जात आणि ते कमाईतून फेडत, मळेवाल्याशी अनेक वर्षांचा करार नसे. त्यांच्या तोंडी त्या मुलखाचे नाव ‘सोन्याचा डोंगर’ असे होते. ऑस्ट्रेलियात सोने सापडल्यावर मेलबर्न हा ‘नवा सोन्याचा डोंगर’ ठरला, आणि सॅन फ्रान्सिस्कोला चिनी भाषेत आजही ‘जुना सोन्याचा डोंगर’ म्हणतात. त्यांच्यासाठी ‘स्थलांतरित मजूर’ एवढेच लिहावे, आणि अमेरिकी विरोधकांनी त्यांना हिणवून ‘कुली’ म्हटले असेल, तेथे तो शब्द अवतरणचिन्हांत ठेवावा.