लेन्सवर यूव्ही फिल्टर कायमचा लावून ठेवावा का?

रानवाटा: नवीन लेन्स घेतली की यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील (यूव्ही) किरण अडवणारी सपाट काच, हमखास गळ्यात मारला जातो. फिल्मच्या काळी ठीक होतं. फिल्मवर अतिनील किरणांचा परिणाम व्हायचा, उंच डोंगरातले फोटो निळसर, धुरकट यायचे. डिजिटलमध्ये हे किरण अडवणारी काच सेन्सरपुढेच बसवलेली असते. म्हणजे आता कारण उरलं फक्त 'संरक्षण'. इतक्या हिशोबाने घडवलेल्या भिंगांपुढे आपण एक सपाट काच कायमची डकवायची, हे मला पटत नाही. हूड (लेन्सच्या तोंडाशी बसणारं नळकांडं) लावा, पुरे.

खारा वारा: साफ असहमत. समुद्रावर फोटो काढून बघा एकदा. तुषार वाळले की काचेवर मिठाचा पापुद्रा धरतो, त्यात बारीक वाळू. तो कोरड्या फडक्याने पुसलात की ओरखडे आलेच. फिल्टर काढून नळाखाली धरता येतो. लेन्स धरून दाखवा! शिवाय काही वेदरसील्ड (धूळ-पाणी आत शिरू न देणाऱ्या) लेन्स पुढे फिल्टर असल्याशिवाय पूर्ण सील होत नाहीत. कॅननच्या १७-४० एफ/४ एलचं उदाहरण घ्या.

रानवाटा: वाळू, तुषार, ग्राइंडरच्या ठिणग्या, तिथे खुशाल लावा. घरात आणि रात्री कशाला?

निशाचर: रात्रीचं काढलंत म्हणून सांगतो. अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती लावा, ती चौकटीच्या एका कोपऱ्यात घ्या. एक फोटो फिल्टर लावून, एक काढून. फिल्टरवाल्या फोटोत बरोबर समोरच्या कोपऱ्यात फिकट, उलटी ज्योत दिसण्याची दाट शक्यता. सेन्सरवरून परतलेला उजेड फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत शिरतो. कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेली काच दर पृष्ठभागाला साधारण ४ टक्के उजेड परतवते, दोन बाजू मिळून ८. मल्टिकोटेड, म्हणजे असे अनेक थर असलेला, घेतलात तर हे ज्योतीचं भूत पुसट होतं, जातंच असं नाही.

दणकट: तुमची भुतं तुम्हाला लखलाभ. माझी लेन्स दगडावर आपटली. फिल्टरचा चुरा, लेन्स सहीसलामत. आणखी काय पुरावा हवा?

भिंगरी: यात पुरावा कुठे आहे, दणकटराव? फिल्टरची काच पातळ, लेन्सचं पुढचं भिंग बहुधा चांगलं जाड. पातळ काच फुटण्याइतक्या दणक्याने जाड भिंगही फुटलंच असतं, हे कशावरून? उलट त्या चुऱ्यानेच कोटिंग खरवडलं जाऊ शकतं. फिल्टरचं कडं वाकून लेन्सच्या आट्यांत अडकलं तर पुढची कटकट वेगळीच.

दणकट: लेन्स विकायला काढा, मग बोलू. पुढच्या काचेवर केसाएवढा ओरखडा दिसला की घेणारा भाव पाडतो. त्याला तुमचं प्रकाशशास्त्र ऐकायचं नसतं.

भिंगरी: भावाचं मान्य. पण फोटोत तो ओरखडा सहसा दिसतच नाही, इतका फोकसबाहेर असतो. फार तर सूर्य समोर असताना कॉन्ट्रास्ट जरा उतरतो. मागच्या भिंगावरचा ओरखडा त्याहून जास्त छळतो, आणि तिथे संरक्षणाला कोणी काही लावत नाही!

निशाचर: आणि निकॉनच्या १४-२४ एफ/२.८ जीसारख्या फुगीर काचेच्या लेन्सचं काय? तिला आट्यांचा फिल्टर बसतच नाही. वापरतातच की लोक.

खारा वारा: वापरतात, पण पुसताना हात थरथरतो त्यांचा. आणि हूड धक्का झेलतो, उडती वाळू नाही अडवत. हां, वाइड लेन्सला यूव्हीवरच पोलरायझर (चकाकी कमी करणारा दुसरा फिल्टर) चढवला की कोपरे काळे पडतात. तेव्हा मीही यूव्ही उतरवतो.

रानवाटा: चला, एवढं तरी उतरवलंत. रात्री दिव्यांसमोर?

खारा वारा: रात्री काय लाटा झोपतात? नाही उतरवणार.