सकाळी जिमच्या आधी काय खायचं? अंधारी येते

कांदिवलीकर: लवकर सांगा. सकाळी जिमला जातो, अर्ध्या तासात डोळ्यांपुढे अंधारी येते. रिकाम्या पोटी गेलं तर चक्कर, पोहे खाऊन गेलं तर मळमळ. ‘डाएटिशियनकडे जा’ एवढं लिहू नका, उद्या पहाटे जायचंय.

पहाटपळ्या: केळं. अर्धा तास आधी एक, छोटं वेलची केळं असेल तर दोन. शिवाजी पार्कला पळायला येणारे आम्ही बहुतेक जण तेच खातो.

मुलुंडचा_मावळा: केळ्याने काही होत नाही. कॉफीत चमचाभर साजूक तूप घाल, वर भिजवलेले बदाम. माझं दुपारपर्यंत चालतं.

पहाटपळ्या: त्याला आधीच मळमळतंय आणि तुम्ही तूप पाजताय! तूप पोटात रेंगाळतं. पोह्यांतल्या तेल-शेंगदाण्यांनीही तेच होत असणार.

गिरगावची_मावशी: अरे बाळा, उठतोस कधी, जातोस कधी? रात्री काय जेवतोस?

कांदिवलीकर: साडेपाचला उठतो, सहाला जिम. नंतर पावणेआठची चर्चगेट फास्ट पकडायची असते, म्हणून वेळ बदलता येत नाही. रात्री सूप आणि पनीर. भात-पोळी बंद केलीय.

पहाटपळ्या: हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. रात्री भात नाही, पोळी नाही, सकाळी पोट रिकामं, मग जोर कुठून येणार? रात्री दोन पोळ्या खा. सकाळी वेळ नसेल तर दोन-तीन खजूर आणि ग्लासभर पाणी. मुंबईच्या दमटपणात घामावाटेच किती पाणी जातं!

वसईवाला: खजुरापेक्षा आमच्याकडची सुकेळी बरी. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, बॅगेत राहतात, चिरडत नाहीत.

गिरगावची_मावशी: सुकेळी दादरला मिळतील का हो? नातवाला डब्यात द्यायची आहेत.

प्रोटीनप्रेमी: व्यायामानंतर व्हे प्रोटीन घे. दुधात नको, पाण्यात.

पहाटपळ्या: त्याने व्यायामानंतरचं विचारलेलंच नाही.

परळची_नर्स: खाण्याचं राहू द्या जरा. कांदिवलीकर, कुठली गोळी चालू आहे का? साखरेची, बीपीची?

कांदिवलीकर: बीपीची आहे, उठल्यावर घेतो. त्याचा काय संबंध?

परळची_नर्स: असू शकतो. बीपीच्या काही गोळ्यांनी व्यायाम करताना, विशेषतः खाली बसून झटकन उठताना, रक्तदाब घसरतो. अंधारी नेमकी स्क्वॉट्सनंतर येते का? गोळी मनाने बंद करू नका, वेळही बदलू नका. ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि बीपी मोजून घ्या. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर थेट दवाखाना.

कांदिवलीकर: हो, स्क्वॉट्सनंतरच येते. डॉक्टर संध्याकाळी सातला बसतात, तेव्हा विचारतो. पण उद्या पहाटे केळं की खजूर?

परळची_नर्स: केळं खा. पण डॉक्टरांशी बोलणं झालं नाही तर उद्या जिम नको.

मुलुंडचा_मावळा: तुपाचं मी अजूनही म्हणतो.